देव नदीपार गेले

पोर्तुगीज अधिकारी अफोंसो मेशिया याने १५२६ च्या सप्टेंबरात एक दस्तऐवज लिहून घेतला. गोवा हाती येऊन सोळा वर्षं झाली होती. तिसवाडीच्या गावांकडून सारा नीट वसूल व्हायचा तर त्या गावांचा कारभार चालतो कसा, हे राज्यकर्त्यांना कळायला हवं होतं. म्हणून गावच्या रूढी कलमवार नोंदवल्या गेल्या. ‘फोराल’ या नावाने ओळखला जाणारा हा कागद म्हणजे गोव्याच्या गावकीची पहिली लेखी साक्ष. पूर्वी कधीतरी चौघे जण ओसाड जागी आले, त्यांनी ती लागवडीला आणली, वस्ती वाढली आणि त्यांचेच वंशज गावकर झाले, अशी हकिकत त्यात सुरुवातीला येते.

पुढची काही कलमं मला फार बोलकी वाटतात. पेरणी आधी कोणी करायची, कापणीला पहिला विळा कोणी लावायचा, घरावर नवं गवत आधी कोणी शाकारायचं, सभेत विडा पहिल्यांदा कोणाच्या हाती द्यायचा, गावात नाचणारे आले तर त्यांनी आधी कोणाच्या अंगणात नाचायचं. सारावसुलीच्या कागदात या गोष्टी कशाला? त्या काळी गोव्यात सारा आणि विडा या वेगळ्या बाबी नव्हत्या, म्हणून. गाव वांगडांत विभागलेलं असे. वांगड म्हणजे मूळ पुरुषापासून चालत आलेलं घराणं. प्रत्येक वांगडाचा मान आणि सभेतली जागा ठरलेली असे. जमीन कोणा एकाच्या मालकीची नव्हती, ती गावकीची होती. शेतांची पावणी, म्हणजे लिलाव, व्हायची, येणाऱ्या पैशातून सारा भरायचा, बांध दुरुस्त करायचे, देवळाचा खर्च चालवायचा, भट, सुतार, कुंभार, ढोल वाजवणारे यांचं देणं भागवायचं, आणि उरेल ते गावकरांनी ‘जोण’ म्हणून वाटून घ्यायचं.

बांधांचं महत्त्व किनाऱ्यावरच्या माणसाला सांगावं लागत नाही. गोव्याच्या नद्या समुद्राच्या भरतीबरोबर खाऱ्या होतात. खाजन जमिनी या खाऱ्या पाण्याच्या पातळीखालच्या. मातीचे बांध आणि ‘मानस’ नावाची पाणी सोडायची-अडवायची दारं यांच्या जोरावर तिथे भात पिकतं. एका ठिकाणी बांध फुटला की सगळ्यांची शेतं बुडतात, मग ती खारट जमीन पुन्हा लागवडीला यायला बराच काळ जातो. अशा गावात एकट्याने शेती करता येत नाही. सगळ्यांना बांधावर एकत्र आणणारी, पाळी ठरवणारी आणि ती चुकवणाऱ्याला जरब बसवणारी सत्ता लागते. सुलतान दूर विजापुरात होता. गावात होती ती ग्रामदेवता आणि शिवेवरचा राखणदार. देवळासमोर घेतलेला निर्णय मोडणं म्हणजे गावकी आणि देवता दोघींना दुखावणं होतं.

देऊळ पाडलं की धर्म संपेल, असं ज्यांना वाटलं त्यांनी ही बांधणी पाहिलीच नव्हती. की पाहिली होती आणि म्हणूनच देवळाच्या पाठोपाठ त्यांनी जमिनीलाही हात घातला? कागद पाहिले की दुसरी शक्यता मला खरी वाटते. १५४० च्या सुमारास तिसवाडीतली देवळं पाडली गेली आणि लगेच, १५४१ मध्ये, देवळांच्या जमिनींचं उत्पन्न चर्चकडे वळवण्यात आलं. त्यासाठी गावकरांचीच संमती घेतली गेली. ती कोणत्या दडपणाखाली दिली असेल, याची कल्पना करता येते. १५४३ मध्ये सासष्टी आणि बारदेशही पोर्तुगीजांकडे आले. १५५९ च्या हुकुमाने अनाथ हिंदू मुलं ख्रिस्ती संगोपनासाठी धर्मगुरूंच्या हवाली होऊ लागली. १५६० मध्ये इन्क्विझिशनचं न्यायालय गोव्यात बसलं. १५६७ मध्ये राशोल किल्ल्याचा कप्तान दियोगु रोद्रिगिश याने सासष्टीतली देवळं उद्ध्वस्त केली. त्यांची संख्या अडीचशेच्या वर जाते.

याच काळातला एक नियम मला देवळं पाडण्याइतकाच खोलवर गेलेला वाटतो. गावकीच्या सभेत ख्रिस्ती गावकरांची नावं आधी लिहावीत, हिंदूंची नंतर. बाहेरच्या माणसाला ही किरकोळ बाब वाटेल. पण ज्या गावात विडा आधी कोणाला, यावर घराण्याची इज्जत तोललेली होती, तिथे नावांचा क्रम उलटा करणं म्हणजे गावच उलटं करणं होतं. देव सोडायचा की मान आणि जोण सोडायची, असा प्रश्न प्रत्येक गावकर घराण्यापुढे उभा राहिला. अनेक कुटुंबांत एक भाऊ बाप्तिस्मा घेऊन जमिनीपाशी राहिला आणि दुसरा देव घेऊन गेला, असं दोन्हीकडची घराणी आजही सांगतात.

देव गेले ते फार दूर गेले नाहीत. जुवारी नदी ओलांडली की अंत्रूज महाल, म्हणजे आजचा फोंडा तालुका. तिथे आदिलशाही होती. एका सुलतानाच्या मुलखात हिंदू देवांना आसरा मिळाला, ही गोष्ट ज्यांना इतिहास दोनच रंगांत पाहायचा असतो त्यांनी विसरू नये. कुट्ठाळीचा मंगेश प्रियोळला आला. केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला, लोटलीचा रामनाथ बांदिवड्याजवळ, रायची कामाक्षी शिरोड्याला. मडगावचा दामोदर दुसऱ्या दिशेने जांबावलीला गेला. होड्यांतून, रात्रीच्या वेळी, मूर्ती किंवा लिंग कापडात गुंडाळून नेल्याच्या आठवणी पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या जातात. दिवाडी बेटावरचं सप्तकोटेश्वराचं लिंग, कदंब राजांचं कुलदैवत, नार्व्याला नेलं गेलं. तिथलं देऊळ शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये बांधायला लावलं आणि त्याचा शिलालेख आजही दारावर वाचता येतो. कवळ्याचं आताचं देऊळ शाहू महाराजांच्या काळातलं. त्यांचे मंत्री नारोराम यांचा त्यात मोठा हात होता. अंत्रूजच्या या देवळांना मराठी सत्तेचा आधार असा दीर्घकाळ मिळत राहिला.

कुंकळ्ळीची गोष्ट मात्र निराळी आहे आणि तिच्यापाशी थोडं थांबायला हवं.

सासष्टीच्या दक्षिण टोकाला कुंकळ्ळी, वेरोडे, असोळणे, वेळ्ळी आणि आंबेली ही पाच गावं. कुंकळ्ळी भरभराटीची, बाजारपेठेची. या गावांनी सारा भरायचं नाकारलं, देवळं पुन्हा उभारली, आणि पोर्तुगीज फौजेने ती पुन्हा जाळली. १५ जुलै १५८३ रोजी पाच जेझुइट कुंकळ्ळीत आले. चर्चसाठी जागा पाहायची आणि क्रूस उभा करायचा, हा त्यांचा हेतू. त्यांचा प्रमुख होता रुडोल्फ आक्वाविवा, इटलीतल्या सरदार घराण्यातला, तिशीतला माणूस. त्याच वर्षी तो फत्तेपूर सिक्रीहून परतला होता. अकबराच्या इबादतखान्यात मुल्ला, ब्राह्मण, जैन यांच्याशी त्याने तीन वर्षं चर्चा केल्या होत्या. जो माणूस बादशहासमोर वाद घालून जिवंत परतला तो कुंकळ्ळीत मारला गेला. त्याच्या सोबतच्या पिएत्रो बेर्नोने आधीच्या मोहिमेत देवळं पाडण्यात पुढाकार घेतला होता आणि वारुळाची विटंबना केली होती, ही नोंद जेझुइटांच्याच कागदांत सापडते. गोव्यात वारूळ म्हणजे सांतेर, प्रत्यक्ष देवी. फत्तेपूर सिक्रीतला संवाद आणि कुंकळ्ळीतलं वारूळ यांच्यामधलं अंतर आक्वाविवाला उमगलं होतं का, हा विचार माझ्या मनातून जात नाही. पाचही जेझुइट, एक पोर्तुगीज आणि काही स्थानिक ख्रिस्ती त्या दिवशी मारले गेले. त्यांचे देह विहिरीत टाकले गेले.

सूड ठरलेलाच होता. गावच्या प्रमुख सोळा गावकरांना बोलणी करण्यासाठी असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलं गेलं आणि तिथे त्यांना ठार करण्यात आलं. त्यांतला एक जण मात्र निसटून कारवारकडे पोचला, असं परंपरा सांगते. मग आणखी कठोर शिक्षा झाली. पाचही गावांच्या जमिनी गावकरांकडून काढून घेतल्या गेल्या. कुंकळ्ळी आणि वेरोडे एका पोर्तुगीज सरदाराला जहागीर मिळाले, बाकीची तीन गावं पुढे जेझुइटांच्या ताब्यात गेली. सासष्टीच्या इतर गावांत देव गेले पण गावकी राहिली. कुंकळ्ळीत गावकीच्या पायाखालची जमीनच गेली.

तरीही बारा वांगड मोडले नाहीत. वाटून घ्यायला जोण उरली नव्हती, पण कोण कोणाच्या आधी, हे लोक विसरले नाहीत. शांतादुर्गा कुंकळ्ळीकरीण फातर्प्याला गेली, आणि दरवर्षी शिगम्यात ती पालखीतून आपल्या जुन्या गावी येते. सोबत रंगीत छत्र्या असतात, बारा वांगडांच्या बारा. लोक गुलाल उधळत तिला जुन्या देवळाच्या जागेकडे नेतात. छत्र्यांच्या या उत्सवाला, ‘सांत्रियो’ला, कुंकळ्ळीतली कॅथलिक घरंही असतात, कारण वांगड बाप्तिस्म्याने तुटत नाही. ज्या धर्मासाठी आणि ज्याच्याविरुद्ध १५८३ मध्ये रक्त सांडलं, त्यातल्या दोन्ही बाजूंचे वंशज एकाच मिरवणुकीत चालतात. मारल्या गेलेल्या पाच जेझुइटांना पोपने १८९३ मध्ये ‘धन्य’ ठरवलं. मारल्या गेलेल्या गावकरांचं स्मारक कुंकळ्ळीत उभं राहायला २००३ साल उजाडलं.

आक्वाविवा आणि त्याच्या साथीदारांचे देह परत आणायला जो धर्मगुरू गेला तो इंग्रज होता, थॉमस स्टीफन्स. मराठी वाचकाला तो ‘फादर स्टीफन्स’ म्हणून ठाऊक आहे. मित्रांचे छिन्नविछिन्न देह पाहिलेल्या या माणसाने पुढची तीसेक वर्षं सासष्टीत काढली आणि १६१६ मध्ये राशोलच्या छापखान्यातून ‘ख्रिस्तपुराण’ बाहेर काढलं. जवळपास अकरा हजार ओव्या, आणि भाषा मराठी. नव्या ख्रिस्ती लोकांची जुनी पुराणं काढून घेतली गेली होती. देवळाच्या मंडपात बसून पुराण ऐकणारा माणूस चर्चच्या बाकावर बसला, तरी त्याच्या कानाला ओवीच हवी होती. त्याची ही भूक स्टीफन्सने ओळखली. मला या ग्रंथाबद्दल मनापासून आदर वाटतो, आणि तो मराठीला कोणत्या किमतीवर मिळाला हेही मला विसरता येत नाही. बायबलच्या कथेने पुराणाचा वेष घेतला तो श्रोत्यांमुळे. तलवारीचा धाक असलेल्या काळातही ऐकणाऱ्यांनी सांगणाऱ्याला आपल्या चालीवर आणलं.

असंच दुसरीकडेही घडत होतं. देवळाच्या जागी चर्च आलं, पण ते बांधायचा आणि चालवायचा खर्च उचलला गावकीनेच, आता तिचं नाव ‘कोमुनिदाद’. देवळातले मान चर्चमधल्या कॉन्फ्रारीकडे, म्हणजे भक्तमंडळाकडे, आले. लाल ओप घालून फेस्ताच्या मिरवणुकीत पुढे चालायचं ते गावकरांनी, उत्सवाचा मान पाळीपाळीने घ्यायचा तोही गावकर घराण्यांनी. बामण, चारदो, सुदीर ही जातींची विभागणी जशीच्या तशी राहिली. एका पित्याची सगळी लेकरं, असं शिकवणाऱ्या धर्मातही कोणत्या कॉन्फ्रारीत कोण बसणार हे जातीवरून ठरू लागलं. गावकीने देव बदलताना आपली उतरंड सोबत नेली. कुठल्या धर्मगुरूने तिला मनापासून अडवलं असेल, असं दिसत नाही. सारा वेळेवर येत होता.

लोकांच्या सवयी कितपत बदलल्या, हे जाणून घ्यायला इन्क्विझिशनच्या १७३६ च्या फर्मानासारखं दुसरं साधन नाही. न्यायालय बसून पावणेदोनशे वर्षं झाली होती. अंगणात तुळस लावू नये. लग्नात ओव्या गाऊ नयेत. वधूवरांना हळद लावू नये. पानसुपारी आणि फुलं वाटू नयेत. पुरुषांनी धोतर आणि बायकांनी चोळी घालू नये. भात मिठाशिवाय शिजवू नये. ख्रिस्ती झालेल्या घरांसाठी ही मनाईची यादी लांबच लांब आहे. एखादा इतिहासकार दारोदार फिरून नोंदी घेत बसला असता तरी १७३६ मधल्या गोव्याच्या घराचं इतकं तपशीलवार चित्र त्याच्याकडून निघालं नसतं. ज्या गोष्टी बंद करायच्या त्या चालू होत्या म्हणूनच त्यांची नावं लिहावी लागली. आणि त्यातल्या किती बंद झाल्या? कॅथलिक लग्नात आजही नारळाच्या रसाने वधूवरांना ‘रोस’ लावतात, वधू हिरवा चुडा भरते, तांबडा ‘सादो’ नेसते. दर ५ ऑगस्टला रायच्या चर्चमध्ये भाताची नवी कणसं आशीर्वादासाठी आणतात आणि ती कापायचा मान गावकरांचा असतो. हिंदू घरांत चतुर्थीच्या दिवसांत ‘नवं’ होतं, तीच कणसं, दारावर तशीच बांधलेली. एकच पीक, एकच पाऊस. हे नवल इन्क्विझिशनच्या अधिकाऱ्यांच्या मात्र कधीच लक्षात आलं नाही.

नदीपार गेलेल्या देवांनी अंत्रूजमध्ये एक नवा समाज उभा केला. देव आले तसे महाजन आले, भट आले, आणि कलावंत, भाविणी, देवळीही आले. फोंड्यातलं हे जग १७६३ मध्ये पोर्तुगीजांकडे गेलं, तेव्हा धर्मात ढवळाढवळ न करण्याचं आश्वासन त्यांना द्यावं लागलं. दोनशे वर्षांत सत्ता पुरेशी शहाणी झाली होती आणि पुरेशी थकलीही होती. त्यामुळे तळी, दीपस्तंभ, सभामंडप असलेली अंत्रूजची देवळं टिकली, आणि त्यांच्या आवारातून गाणं आलं. दीनानाथ मंगेशकर १९०० मध्ये मंगेशीला जन्मले, केसरबाई केरकर केरीच्या, मोगूबाई कुर्डीकर अंत्रूजबाहेरच्या कुर्डीच्या, जितेंद्र अभिषेकी पुन्हा मंगेशीचे. मुंबई-पुण्याच्या मराठी माणसाने गेल्या शंभर वर्षांत जे गाणं कानात साठवलं, त्याचा एक मोठा झरा जुवारीच्या उत्तर काठावरच्या देवळांतला आहे.

पण त्या गाण्यामागच्या मुलींचं आयुष्य पाहिलं की कौतुक घशाशी अडतं. शेसविधी होऊन मुलगी देवाच्या नावाने वाहिली जाई. देवळापुढे तिने गायचं आणि नाचायचं, लग्न मात्र नाही. तिच्या मुलांना बापाचं नाव नाही, आणि ज्या महाजनांच्या घरी ती गायला जाई त्यांच्या पंगतीत तिला जागा नाही. देवाने ज्यांना सुरक्षित जागा दिली त्यांच्यात तीही होती, असं म्हणायला माझी जीभ वळत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राजाराम पैंगीणकरांसारख्या कलावंत समाजातल्याच माणसांनी ही प्रथा मोडायची चळवळ सुरू केली. मुलींनी शाळेत जावं, लग्न करावं, देवळाची चाकरी सोडावी, यासाठी ते गावोगाव फिरले. गोमंतक मराठा समाज त्यातून उभा राहिला. देवळांनी आपणहून काही केलं नाही.

१८८६ मध्ये पोर्तुगीज सरकारने देवस्थानांच्या कारभारासाठी नियम केले आणि १९३३ मध्ये ते सुधारले. महाजन कोण, याच्या याद्या झाल्या. घराण्याच्या हक्कांवर सरकारी शिक्का बसला. हे नियम थोड्याफार फरकाने आजही लागू आहेत आणि मामलेदार हा देवस्थानांचा प्रशासक असतो. कोमुनिदादी दोनशेहून अधिक आहेत. कूळ कायदा आला, खाजनांचे बांध दुबळे झाले, जमिनी घरांखाली आणि रिसॉर्टांखाली गेल्या. जोण बऱ्याच ठिकाणी नावापुरती उरली, तीही परंपरेने पुरुषांच्याच वंशाला.

मान मात्र नावापुरता उरलेला नाही. पालखीला खांदा कोणी द्यायचा, गर्भागाराच्या पायरीवर कोणी उभं राहायचं, तरंग कोणी धरायचं, यावरून गोव्याच्या काही देवस्थानांत दोन गट समोरासमोर येतात. एका बाजूला महाजन असतात. दुसऱ्या बाजूला पिढ्यान्‌पिढ्या देवाची सेवा केलेले, देवळाच्या आसपास घाम गाळलेले आणि यादीत नाव नसलेले लोक असतात. माझी सहानुभूती दुसऱ्या बाजूला आहे. साडेचारशे वर्षांपूर्वी देव वाचवले ते सगळ्यांनी मिळून, होडी वल्हवणाऱ्यानेही. ही प्रकरणं मामलेदाराकडे जातात, तिथून कोर्टात जातात, आणि निकाल लागेपर्यंत काही ठिकाणी जत्राच बंद ठेवावी लागते.